घटस्फोटाला खर्च किती येतो आणि तो कशाने वाढतो

माझ्या मावसबहिणीचा घटस्फोटाचा दावा जळगावच्या न्यायालयात चालू होता, तेव्हा तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या काकांनी, एका शंभर पानी वहीत प्रत्येक तारखेचा हिशेब लिहून ठेवला होता. चोपडा तालुक्यातल्या गावाहून सकाळची पहिली एसटी धरायची, दहाच्या आत न्यायालयाच्या आवारात पोहोचायचे आणि पुकारा होईपर्यंत बाकावर बसून राहायचे, असा तो क्रम होता. वहीत रकाने पाच होते: एसटी, रिक्षा, झेरॉक्स, चहा-फराळ आणि शेवटचा ‘काय झाले’ असा. दावा संपला तेव्हा ४१ तारखा झाल्या होत्या आणि त्यांपैकी २७ तारखांसमोर शेवटच्या रकान्यात दोनच शब्द होते, ‘तारीख पडली’.

तारखेमागे बाप-लेक दोघांचा सरासरी खर्च ४०० रुपये आला होता. शिवाय त्या दिवसाची दोघांची मजुरी बुडायची. माणशी ३५० रुपये धरले तरी ती ७०० रुपये होते, पण काकांनी ती वहीत कधी धरलीच नव्हती. ती मिळवल्यावर ४१ तारखांचा खर्च ४५,१०० रुपये भरला. वकिलांना चार हप्त्यांत दिलेली एकूण फी ४०,००० रुपये होती. म्हणजे वकिलांपेक्षा तारखांनी जास्त पैसे नेले, आणि त्यातही २९,७०० रुपये अशा दिवसांवर गेले ज्या दिवशी काहीच झाले नाही.

घटस्फोटाला किती खर्च येतो असे कुणी विचारले की मला ती वही आठवते. या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर नाही. परंतु खर्च कोणत्या गोष्टींनी ठरतो हे मात्र नेमके सांगता येते, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टी अर्ज दाखल करण्यापूर्वीच आपल्या हातात असतात. नवरा-बायकोंमध्ये जितके प्रश्न न मिटलेले राहतात तितक्या तारखा पडतात, आणि न्यायालय घरापासून जितके दूर असते तितकी प्रत्येक तारीख महाग पडते. बाकीचा बहुतेक खर्च या दोन गोष्टींमागून येतो.

न्यायालयाचे शुल्क

लोकांचा पहिला समज असा असतो की न्यायालयात मोठी रक्कम भरावी लागत असेल. तसे नाही. घटस्फोटाच्या अर्जावरील न्यायालय शुल्क ठरावीक असते, ते पोटगीच्या मागणीवर टक्केवारीने लागत नाही, आणि एकूण खर्चाच्या मानाने ते किरकोळ असते. महाराष्ट्रात तर घटस्फोट, पोटगी, मालमत्तेचे वाद आणि हिंसाचार या प्रकरणांत स्त्रियांना न्यायालय शुल्क माफ आहे. राज्य शासनाची ती अधिसूचना १ ऑक्टोबर १९९४ ची आहे. अर्जदार बाईकडून कुणी ‘कोर्ट फी’ म्हणून हजारो रुपये मागत असेल, तर ती कशाची आहे हे विचारून लेखी पावती मागावी.

न्यायालयात दाखल करायच्या शपथपत्राला महाराष्ट्रात मुद्रांक लागत नाही, ते साध्या कागदावर चालते. ऑक्टोबर २०२४ पासून पूर्वीच्या १०० रुपयांच्या जागी ५०० रुपयांचा मुद्रांक लागू झाल्यामुळे ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण माहिती नसलेली माणसे प्रत्येक शपथपत्रासाठी ५०० रुपये मोजून येतात. टंकलेखन, नोटरी, समन्स बजावणीचे शुल्क आणि नकला यांचे पैसे लागतात, पण दाव्याचे बजेट त्यांनी कोलमडत नाही.

वकिलाची फी ठरवताना

वकिलाच्या फीला सरकारी दरपत्रक नाही. ती वकिलाचा अनुभव, प्रकरणाचा गुंता, शहर आणि अर्जांची संख्या यांवर ठरते. परस्पर संमतीच्या साध्या अर्जाची फी तालुक्याच्या ठिकाणी सहसा पाच आकड्यांत भागते. भांडून चालवलेला दावा उच्च न्यायालयापर्यंत गेला, तर तीच बेरीज लाखांत जाते.

फी ठरवताना आपल्याकडे संकोच फार होतो. ओळखीतून वकील लावलेला असतो, गावातलेच कुणी सोबत आलेले असते, आणि ‘पैशांचे बघू नंतर’ यावर बोलणे थांबते. असे करू नये. फी संपूर्ण दाव्याची आहे की तारखेप्रमाणे, अंतरिम (दावा चालू असतानाच्या) पोटगीचा अर्ज तिच्यात धरला आहे की वेगळा, समोरच्याने फौजदारी तक्रार केली तर ते काम वेगळे मोजले जाणार का, आणि टंकलेखन, झेरॉक्स, प्रवास कुणाकडे, हे चार प्रश्न पहिल्याच भेटीत विचारून उत्तरे कागदावर घ्यावीत. दावा लांबणार असे वाटत असेल, तर तारखेप्रमाणे फी ठरवण्यापेक्षा टप्प्यांप्रमाणे ठरवणे मला अधिक योग्य वाटते, म्हणजे अर्ज दाखल झाल्यावर काही, मुद्दे निघाल्यावर (वादाचे नेमके प्रश्न न्यायालयाने ठरवल्यावर) काही, उलटतपासानंतर काही आणि निकालावर उरलेली. निष्फळ तारखांचा भार त्यामुळे निदान फीत तरी पडत नाही.

मिळणाऱ्या पोटगीतून अमुक टक्के द्या, असे कुणी म्हटले तर नकार द्यावा. निकालावर अवलंबून फी ठरवणे किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घेणे भारतीय वकील परिषदेच्या नियमांनी वर्ज्य आहे. आणखी एक भीती लोकांना असते, ती म्हणजे वकील बदलायचा म्हटले तर कागदपत्रे अडकतील. फी थकली म्हणून पक्षकाराची कागदपत्रे अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितले आहे. फीचा वाद वेगळा सोडवावा लागतो.

संमतीचा घटस्फोट स्वस्त का पडतो

हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १३-ब नुसार नवरा-बायको किमान एक वर्ष वेगळे राहत असतील, पुन्हा एकत्र नांदणे शक्य नसेल आणि विवाह संपवण्यावर दोघांचे एकमत असेल, तर दोघांना मिळून एकच अर्ज करता येतो. अर्जानंतर किमान सहा महिने थांबून, पण अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा न्यायालयापुढे येऊन आपले म्हणणे कायम असल्याचे सांगायचे असते. अर्जाच्या वेळचा तो पहिला जबाब आणि हा दुसरा. साक्षीपुरावे, उलटतपास, मुद्दे यांतले फारसे काही लागत नाही, त्यामुळे तारखा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होतात.

हे सहा महिने काही वेळा माफ होतात. अमरदीप सिंह विरुद्ध हरवीन कौर या २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की ही मुदत प्रत्येक प्रकरणात सक्तीची नाही. एक वर्षाची मुदत आणि हे सहा महिने असा काळ अर्जापूर्वीच वेगळे राहण्यात गेला असेल, समेटाचे प्रयत्न थकले असतील आणि पोटगी, मुले यांचे प्रश्न खरोखर मिटले असतील, तर पहिल्या जबाबानंतर आठवड्याने माफीचा अर्ज करता येतो. ज्यांना कामासाठी सुरतेहून वा पुण्याहून यावे लागते, त्यांच्या खर्चात याने मोठा फरक पडतो.

संमती म्हणजे केवळ ‘घटस्फोट हवा’ यावरचे एकमत नव्हे. माझ्या पाहण्यात अशी प्रकरणे आहेत ज्यांत दोन्ही घरांनी संमतीचा अर्ज केला, पण सोने किती आणि कधी परत द्यायचे हे मोघम ठेवले. दुसऱ्या जबाबाच्या दिवशी त्यावरून बोलणे फिसकटले, एकाने संमती मागे घेतली आणि सगळे पहिल्यापासून सुरू झाले. अंतिम हुकूमनामा, म्हणजे न्यायालयाचा घटस्फोटाचा आदेश, होईपर्यंत संमती मागे घेता येते. म्हणून अटी लिहिण्यावर जो वेळ जाईल तो जाऊ द्यावा.

सोन्याचे उदाहरण घेऊ, कारण खान्देशात लग्नातले सोने हा वादाचा पहिला विषय असतो. अटींमध्ये ‘स्त्रीधनापोटी अमुक लाख’ असे लिहिण्याऐवजी दागिना, वजन आणि शुद्धता लिहावी, कारण वर्षभरात भाव कुठे जातो हे जळगावच्या सराफ बाजारात एकदा उभे राहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. वजन तोळ्यात न लिहिता ग्रॅममध्ये लिहावे. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा आणि आजचा सराफाचा तोळा १० ग्रॅमचा. पाच तोळ्यांच्या पोतीत या एका शब्दाने आठ ग्रॅमहून अधिक फरक पडतो. ज्या दिवशी दागिने परत होतील त्या दिवशी दोघांच्या समोर वजन करून, पावतीवर सह्या घेऊन, ती पावती न्यायालयात दाखल करावी.

एकरकमी पोटगी ठरली असेल तर तिचे हप्ते न्यायालयाच्या टप्प्यांना बांधावेत. काही रक्कम पहिल्या जबाबाच्या वेळी आणि उरलेली दुसऱ्या जबाबाच्या वेळी धनाकर्षाने (डीडीने) द्यावी. रोखीने देऊ नये आणि घेऊही नये. शेतकरी कुटुंबात पैसा केळीच्या काढणीवर किंवा दिवाळीनंतर कापूस विकल्यावर हातात येतो, तेव्हा त्या हंगामाकडे पाहून तारीख ठरवलेली बरी, नाहीतर दुसऱ्या जबाबाच्या दिवशी ‘अजून माल गेला नाही’ म्हणून पुन्हा पुढची तारीख पडते.

घर किंवा शेत बायकोच्या नावे करायचे ठरले असेल तर क्रमाचा विचार करावा. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन पती-पत्नींनी एकमेकांना बक्षीसपत्राने दिली तर मुद्रांक शुल्क २०० रुपयेच लागते, स्थानिक संस्थेचा अधिभार वेगळा. हुकूमनामा झाल्यावर ते दोघे पती-पत्नी राहत नाहीत आणि ही सवलत हातची जाऊ शकते, म्हणून नोंदणी हुकूमनाम्यापूर्वी करता येईल का हे वकिलाला आधीच विचारावे. घरावर दोघांच्या नावे कर्ज असेल तर आपसातला करार बँकेला बांधील नसतो. कर्जातून एकाचे नाव कमी करायला बँकेची लेखी संमती लागते.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट लोक चुकतात. आईने ‘मुलांसाठी काही मागणार नाही’ असे लिहून दिले तरी मुलांचा पोटगीचा हक्क त्याने संपत नाही, आणि असे लिहून घेणाऱ्याला पुढे पुन्हा न्यायालयात उभे राहावे लागते. शाळेची फी, दवाखाना आणि भेटीसाठी येण्याजाण्याचे भाडे कोण देणार हे आकड्यांसह लिहिले तर पुढची पाच-सात वर्षे सुखाची जातात.

भांडण लांबले की पैसा कुठे जातो

एकाने अर्ज केला आणि दुसऱ्याने विरोध केला की नोटीस, कैफियत (समोरच्याचे लेखी उत्तर), मुद्दे, साक्षीपुरावा, उलटतपास, युक्तिवाद आणि निकाल असे टप्पे येतात. हिंदू विवाह कायद्यात असे अर्ज सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असे लिहिले आहे, पण तारखांच्या यादीत एकाच दिवशी किती प्रकरणे लागतात हे न्यायालयाच्या दारावरचा कागद पाहिल्यावर कळते.

पहिला अडथळा नोटिशीपाशीच येतो. पत्ता चुकला, माणूस बाहेरगावी असला, नोटीस बजावणारा बेलिफ हात हलवत परतला, यात महिने जातात. समोरच्याला कळू नये म्हणून जुना पत्ता देऊन एकतर्फी हुकूमनामा मिळवण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मुळीच ऐकू नये, कारण असा हुकूमनामा रद्द होतो आणि दावा पुन्हा पहिल्या पानापासून चालतो. दरम्यान कुणी दुसरे लग्न केले असेल तर त्याची गुंतागुंत वेगळीच.

दुसरे म्हणजे प्रकरणांची संख्या. एकाच संसाराबद्दल घटस्फोटाचा दावा एका न्यायालयात, पोटगीचा अर्ज दुसरीकडे, घरगुती हिंसाचाराचा तिसऱ्या दंडाधिकाऱ्यापुढे, छळाची फौजदारी केस चौथीकडे आणि मुलाच्या ताब्याचा अर्ज पाचवीकडे, अशी अवस्था होते. प्रत्येक प्रकरणाची फी आणि तारीख निराळी. जिथे खरोखर मारहाण झाली आहे, घरातून काढले आहे, तिथे हिंसाचाराचा अर्ज केलाच पाहिजे आणि त्यात खर्चाचा विचार आड येऊ देऊ नये. पण समोरच्याला जेरीस आणण्यासाठी म्हणून केस वाढवली, की जेरीस दोन्ही घरे येतात.

तिसरे कारण अंतर, आणि ते खान्देशाला फार लागू आहे. आपल्याकडची कितीतरी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या सुरतेत आहेत. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरहून ताप्ती मार्गाने गाडीत बसले की सुरत. रावेरपलीकडे बऱ्हाणपूर, म्हणजे मध्य प्रदेश. नवऱ्याने सुरतेला दावा टाकला आणि बायको शिंदखेड्याला माहेरी असली, तर दावा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात वर्ग करण्याचा अर्ज थेट दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात करावा लागतो. राज्यातल्या राज्यात, पुण्याहून धुळ्याला असा, तो उच्च न्यायालयात होतो. धुळे, जळगाव आणि नंदुरबारसाठी उच्च न्यायालयाचे खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे आणि कौटुंबिक न्यायालयाच्या निकालावरचे अपीलही तिथेच जाते.

यावर २००३ पासून कायद्यातच उपाय आहे. अर्जदार पत्नी असेल तर ती ज्या ठिकाणी राहते तिथल्या न्यायालयात तिला घटस्फोटाचा अर्ज करता येतो. ज्या बाईला घटस्फोट घ्यायचाच आहे तिने समोरून सुरतेची नोटीस येण्याची वाट न पाहता आपल्या जवळच्या न्यायालयात आधी अर्ज केला, तर वर्ग करण्याची धावपळ बऱ्याचदा टळते. वर्ग करण्याचे कारण दाखवताना मूल लहान आहे, सोबत येणारे कुणी नाही, मिळकत नाही या गोष्टी शपथपत्रात नेमक्या लिहाव्यात.

तारखांचा खर्च कमी करण्याचे छोटे उपायही आहेत. प्रत्येक प्रकरणाला १६ अक्षरी सीएनआर क्रमांक असतो. तो ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपमध्ये टाकला की पुढची तारीख आणि टप्पा फुकट दिसतो. तारखेच्या आदल्या दिवशी वकिलांना एक फोन करून ‘माझी हजेरी लागणार आहे का’ हे विचारावे, कारण प्रत्येक तारखेला पक्षकार लागतोच असे नाही. २७ निष्फळ तारखांपैकी निम्म्यांना काका घरी राहू शकले असते, असे मला आजही वाटते. परवानगी मिळाली तर काही कामे दूरदृश्य प्रणालीने होतात. समोरचा उगाच मुदत मागत असेल तर मुदतीच्या अर्जाला लेखी हरकत घेऊन त्या दिवसाचा खर्च मागावा. एसटीत २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांचा प्रवास मोफत आहे, हेही सोबत कोण जाणार हे ठरवताना धरावे.

दाव्याचा खर्च समोरच्याकडून मागता येतो

ज्याला स्वतःची पुरेशी मिळकत नाही त्याला किंवा तिला दावा चालू असतानाच दरमहा पोटगी आणि दाव्याचा खर्च मागता येतो. हिंदू विवाह कायद्याचे कलम २४ त्यासाठी आहे आणि ते नवऱ्यालाही लागू आहे. समोरच्याला नोटीस बजावल्यापासून ६० दिवसांत, शक्यतोवर, हा अर्ज निकाली निघावा असे कायदा म्हणतो. वकिलाची फी आणि येण्याजाण्याचे भाडे यांचा हिशेब याच अर्जासोबत जोडावा. काकांच्या वहीसारखी वही इथे पुरावा म्हणून उपयोगी पडते.

खावटीचा, म्हणजे पोटगीचा, दुसरा मार्ग भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ चा; १ जुलै २०२४ पूर्वी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ होते. तो कोणत्याही धर्माच्या आणि जमातीच्या स्त्रीला, मुलांना व आईवडिलांना खुला आहे. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालाने दोन्ही बाजूंना मिळकत आणि देण्यांचे शपथपत्र देणे बंधनकारक केले, तसेच पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे ठरवले. म्हणून हा अर्ज लांबणीवर टाकण्यात नुकसान आहे.

नोकरदाराची मिळकत पगारपत्रकावर दिसते, शेतकऱ्याची दिसत नाही. तिथे कागद गोळा करावे लागतात: सातबारा, आठ-अ, ई-पीक पाहणीत लागलेले पीक, बाजार समितीची काटापट्टी, पीकविम्याची जमा, ठिबकचे अनुदान. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. पाच एकर केळी असणारा माणूस ‘मी मजूर आहे’ असे शपथेवर सांगतो तेव्हा हा १५ रुपयांचा कागद फार कामाला येतो.

मोफत वकील

याचे मला सगळ्यांत जास्त वाईट वाटते. माझ्या मावसबहिणीला वकील फुकट मिळू शकला असता. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार कोणतीही स्त्री, मिळकत कितीही असो, मोफत विधी सेवेस पात्र आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अपंग व्यक्तीही पात्र आहेत. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. यात वकिलाबरोबरच न्यायालय शुल्क, टंकलेखन आणि नकलांचा खर्चही येतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते आणि तालुक्याला तालुका समिती असते. आमची माणसे ४१ वेळा त्या आवारात गेली आणि त्या दाराची माहिती एकानेही त्यांना दिली नाही. मदतीचा फोन क्रमांक १५१०० आहे.

मिळणारा वकील कामात ढिला वाटला तर तो बदलून देण्याचा अर्ज त्याच कार्यालयात करता येतो. न्यायालयाला जोडलेले मध्यस्थी केंद्र आणि कौटुंबिक न्यायालय असेल तिथले विवाह समुपदेशक यांनाही फी द्यावी लागत नाही. तिथे संसार पुन्हा जुळला नाही तरी सोने, पोटगी आणि मुले हे तीन प्रश्न मिटून भांडणाचा दावा संमतीत बदलू शकतो, आणि खर्च तिथेच थांबतो.

फारकत, पंचायत आणि आदिवासी कुटुंबे

मुद्रांकावर फारकत लिहून नोटरीचा शिक्का मारला की मोकळे झालो, असे मानणारी माणसे गावोगाव भेटतात. समाजात घटस्फोटाची जुनी रूढी सिद्ध करता आली तरच तिला हिंदू विवाह कायद्यात मान्यता आहे. एरवी त्या कागदाने विवाह संपत नाही आणि त्याच्या भरवशावर केलेले दुसरे लग्न अडचणीत येते. हा सगळ्यांत स्वस्त वाटणारा मार्ग पुढे सगळ्यांत महाग पडतो.

नंदुरबार, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल या पट्ट्यातल्या भिल्ल, पावरा, कोकणा अशा अनुसूचित जमातींना हिंदू विवाह कायदा लागू नाही. त्यांचे विवाह आणि फारकत रूढीने चालतात, देजाच्या (वधूमूल्याच्या) परतफेडीचा प्रश्नही त्यातच येतो. वाद न्यायालयात गेला तर रूढी साक्षीदारांनी सिद्ध करावी लागते. धडगावहून नंदुरबारला जाणाऱ्या बाईने चार साक्षीदार सोबत न्यायचे म्हणजे काय खर्च होतो, हे सांगायला नको. म्हणून पंचांपुढे जे ठरले ते त्याच दिवशी लिहून, सह्या-अंगठे घेऊन ठेवावे. खावटी आणि घरगुती हिंसाचाराचे कायदे मात्र त्यांनाही पूर्ण लागू आहेत.

वडीलधाऱ्यांनी बसून समेट घडवणे चांगलेच आहे. पण जातपंचायत घटस्फोटासाठी दंड मागत असेल किंवा न भरल्यास वाळीत टाकण्याची धमकी देत असेल, तर तो गुन्हा आहे. महाराष्ट्राच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यात त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. असा पैसा देऊ नये.

हुकूमनाम्यानंतर

निकाल लागला की अपिलाची मुदत संपेपर्यंत दुसरे लग्न करू नये. हुकूमनाम्याच्या प्रमाणित नकला एकाच वेळी तीन-चार घ्याव्यात, कारण शिधापत्रिका, बँक खाते, विम्याचे आणि भविष्य निर्वाह निधीचे वारस, पासपोर्ट, मुलाची शाळा अशा प्रत्येक ठिकाणी ती मागितली जाते आणि नंतर एकेका नकलेसाठी पुन्हा जिल्ह्याला चक्कर पडते. काकांनी एकच नकल घेतली होती. वहीत ४१ व्या तारखेनंतर आणखी दोन नोंदी आहेत, दोन्ही चोपडा-जळगाव एसटीच्या, आणि शेवटच्या रकान्यात दोन्हीकडे ‘नकल’ एवढेच लिहिले आहे.